बारा चित्रपट, एक शब्द

वाचकाचे पत्र

मी चिंचवडला राहते. वय एकतीस. चिप डिझाइनच्या कामात आहे आणि पुढच्या जूनमध्ये कंपनी मला दोन वर्षांसाठी तैवानमधील शिंचूला पाठवणार आहे. यजमान आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येतील. गेले सहा महिने मी दर शनिवारी मँडरिनच्या शिकवणीला जाते. आमच्या बाई बीजिंगच्या वळणाची भाषा आणि सोपी केलेली लिपी शिकवतात. घरी सराव व्हावा आणि तिथल्या माणसांची ओळख व्हावी म्हणून मी तैवानी चित्रपट पाहू लागले. इंग्रजी उपशीर्षके लावून बारा चित्रपट पाहून झाले. पदरात पडला तो ‘शिए-शिए’, म्हणजे धन्यवाद, हा एक शब्द, आणि तोही मला आधीच येत होता. ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ पाहताना तर अडीच तासांत एक वाक्य ओळखीचे वाटले नाही. त्या रात्री मला रडू आले. बाई म्हणतात, चित्रपटांनी उच्चार बिघडतात, सोडून द्या. खरेच सोडून द्यावेत का? की माझ्या पाहण्यातच काही चुकते आहे?

उत्तर

सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती कळली की तुमच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल. ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’मध्ये तुम्हाला मँडरिन ओळखू आली नाही, कारण त्या चित्रपटात मँडरिन फारशी नाहीच. हौ श्याव-श्येन यांचा हा १९८९ चा चित्रपट. व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळवणारा चिनी भाषांतील तो पहिला चित्रपट. त्यातील लिन कुटुंब घरात मँडरिनहून वेगळी अशी तैवानी भाषा बोलते, शिकलेल्या तरुणांच्या तोंडी जपानी येते आणि बंदरावरच्या धंद्यातले परके लोक शांघायची बोली बोलतात. थोरला भाऊ शांघायच्या गुंडांशी वाटाघाट करायला बसतो तेव्हा त्याचे तैवानी बोलणे एक जण कँटनीजमध्ये सांगतो, ते ऐकून दुसरा शांघायच्या बोलीत सांगतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. धाकट्या भावाचे काम हाँगकाँगच्या टोनी लेउंग यांनी केले. त्यांना तैवानी येत नव्हती, म्हणून ते पात्र मूकबधिर करण्यात आले. आणि एका अडचणीतून निघालेली ही वाट चित्रपटाचा गाभा होऊन बसली, कारण ज्या काळात, १९४७ च्या सरकारविरोधी उठावात, कोणत्या भाषेत बोललात यावर जीव अवलंबून होता, त्या काळात हा माणूस बोलूच शकत नाही. आगगाडीत काही जण त्याला अडवून ‘तू कुठला?’ असे तैवानीत विचारतात, तो कसेबसे ‘मी तैवानी’ एवढे शब्द तोंडातून काढतो, आणि ते तेवढ्यावर विश्वास न ठेवता जपानीत प्रश्न विचारतात. ऐकू न येणारा माणूस कोणत्या भाषेत उत्तर देणार? हे दृश्य तुम्ही पाहिले आहे. उपशीर्षके सगळी इंग्रजीत असल्यामुळे भाषा बदलली हे तुमच्यापर्यंत पोहोचलेच नाही.

इथेच तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. चित्रपट सोडू नका, पण इंग्रजी वाचत ते पाहणे सोडा. तैवानच्या चित्रपटात कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो हीच अर्धी गोष्ट असते, आणि ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी कळते.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे तैवान जपानच्या ताब्यात होते, त्यामुळे त्या काळात शाळा शिकलेल्यांची शिक्षणाची भाषा जपानी होती. घरात बहुतेकांची तैवानी, काहींची हाक्का, आणि डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या त्यांच्या स्वतःच्या भाषा. १९४५ नंतर चीनचे राष्ट्रवादी सरकार आले, १९४९ मध्ये मुख्य भूमी हातची गेल्यावर ते आपल्या सैन्यासह आणि लाखो निर्वासितांसह तिथेच येऊन राहिले, आणि मँडरिन ही ‘कुओ-यू’ म्हणजे राष्ट्रभाषा म्हणून शाळांमध्ये सक्तीची झाली. वर्गात तैवानी बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. दूरचित्रवाणीवर इतर भाषांना किती वाव द्यायचा यावर १९७६ च्या कायद्याने बंधन आणले, ते १९९३ मध्ये उठले. त्या सरकारने लादलेला लष्करी कायदा १९८७ च्या जुलैत संपला आणि त्यानंतर दोनच वर्षांत हौ यांचा हा चित्रपट आला, त्यामुळे त्यातील प्रत्येक भाषा तिथे मुद्दाम आहे. गोव्यातल्या जुन्या घरांमध्ये आजोबांची पोर्तुगीज, घरातली कोंकणी आणि देवळातली व वर्तमानपत्रातली मराठी एकाच ओसरीवर नांदताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र फार परके वाटणार नाही.

मी काही वर्षांपूर्वी तैवानच्या ताइनान शहरात शिकत होतो तेव्हा माझ्या घरमालकीणबाई, सत्तरीच्या, मला जिन्यात भेटल्या की दरवेळी एकच तीन अक्षरांचा प्रश्न विचारत. मी तो मँडरिन समजून कितीतरी दिवस शब्दकोशात शोधत राहिलो. तो तैवानीतला ‘च्या-पा-ब्वे’ होता, म्हणजे ‘पोटभर जेवलास का?’. हाच प्रश्न मँडरिनमध्ये ‘छ पाव ल मेइ’ असा होतो. ‘जेवण झाले का?’ असे विचारण्यात जेवणाची चौकशी थोडी आणि माणसाची जास्त असते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण ती चौकशी कोणत्या भाषेत झाली हे मला कळले तेव्हाच त्या बाई मला घरच्यासारखे वागवत होत्या हे कळले.

आता कानाला ओळख कशी पटवायची? एक साधी कसोटी तुमच्या हाताशी आहे. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी येते ते स्वर, ‘न’ किंवा ‘ङ’. त्याखेरीज एखादा ‘र’, आणि तोही तैवानमध्ये क्वचित. तैवानी अक्षरे मात्र ‘प’, ‘त’, ‘क’, ‘म’ यांवरही थांबतात, तोंड झटकन मिटल्यासारखी. पडद्यावर कोणी असे तुटक अक्षर उच्चारले की समजा, ही मँडरिन नव्हे. त्यात एक फसगत आहे, ती लक्षात ठेवा. तैवानी चित्रपटांना बहुधा खाली चिनी उपशीर्षकेही असतात आणि पात्र तैवानीत बोलत असले तरी ती सहसा मँडरिनच्या वाक्यरचनेत लिहिलेली असतात. म्हणजे तुम्ही वाचाल एक आणि ऐकाल दुसरेच. अशा दृश्यांत ‘मला काहीच येत नाही’ असे म्हणून खचू नका. ते दृश्य अभ्यासाला घेऊ नका, एवढेच. पण ज्या क्षणी भाषा बदलली तो क्षण वहीत टिपून ठेवा, कारण बहुतेक वेळा तिथे नातेही बदललेले असते.

तुमच्या बाईंचे म्हणणे मी उडवून लावत नाही. तैवानमधील बोलण्यात ‘ष’चा ‘स’ होतो, ‘ट’च्या जागेवरून काढायचा ‘च’ दाताशी येतो, आणि बीजिंगकडे शब्दांच्या शेवटी घोळणारा ‘र’ इथे जवळपास नाहीसा होतो. मँडरिनमध्ये आवाजाच्या चढउताराचे चार सूर असतात आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. चार म्हणजे चौथ्या सुरातला ‘स’ आणि दहा म्हणजे दुसऱ्या सुरातला ‘ष’. शिंचूतल्या भाजीवालीच्या तोंडी दोन्हींचा ‘स’ झाला की चार आणि दहा यांत उरतो तो केवळ सुराचा फरक. म्हणून माझे सांगणे असे की तोंडात बाईंनी शिकवलेले वेगळे उच्चार ठेवा आणि कानात तैवानचे येऊ द्या. वेगळे उच्चारणाऱ्याचे बोलणे तिथे सगळ्यांना कळते. पण ज्याच्या कानाला तिथली सवय नाही, तो बाजारात गोंधळतो.

आणि उच्चारांच्या बाबतीत तुम्हाला मिळालेली एक मोठी देणगी तुम्ही बहुधा वापरतच नाही. रोमन अक्षरे बाजूला ठेवा आणि ऐकलेले देवनागरीत लिहा. रोमन लिपीत ‘बी’ लिहिले की आपण ‘ब’ म्हणतो, पण मँडरिनमध्ये तो घोष ‘ब’ नाही, ‘प’ आहे. आणि रोमन ‘पी’ लिहिले की तो ‘फ’ आहे, इंग्रजीतला ओठ-दातांचा नव्हे, तर ‘फळ’ या शब्दातला जुना, दोन्ही ओठ मिटून सोडलेला ‘फ’. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्महिने घोटावा लागतो; आपण तो पहिलीत बाराखडीबरोबर शिकतो. ‘तैपेई’ हेच नाव घ्या. त्याचा खरा उच्चार ‘थाय-पेइ’ आहे, पहिले अक्षर महाप्राण आणि दुसरे अल्पप्राण. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मराठीला दोन ‘च’ आहेत, आणि हे हिंदी बोलणाऱ्यांकडेही नाही. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चार’मधला ‘च’ हे दोन्ही मँडरिनमध्ये वेगवेगळे उच्चार म्हणून आहेत. रोमन पद्धतीत पहिला ‘झेड’ने लिहितात आणि दुसरा ‘जे’ने. तिसरा ‘च’ तेवढा नवीन शिकायचा: जीभ ‘ट’च्या जागी नेऊन ‘च’ म्हणायचा. तुमच्या शिंचूमधला ‘चू’ नेमका तोच आहे. ‘षटकोन’मधला ‘ष’ आपण लिहितो आणि ‘श’ म्हणतो; तो मँडरिनसाठी पुन्हा जिभेवर आणा. सूर मात्र मराठीत नाहीत. ‘काय?’ असे आश्चर्याने विचारताना आवाज चढतो तसा दुसरा, मुलीला दटावून ‘नको!’ म्हणताना कोसळतो तसा चौथा, वरच्या पट्टीत सरळ धरून ठेवलेला पहिला, आणि खाली दबलेला तिसरा. इतकी खूणगाठ सुरुवातीला पुरे.

आता कोणता चित्रपट, हा प्रश्न. बारा नको, एक घ्या. माझ्या मते तो ‘ब्लू गेट क्रॉसिंग’ असावा. यी च्-येन यांचा हा २००२ चा चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे, तैपेईतल्या शाळकरी मुलांचा आहे, आणि त्यातली मुले एकमेकांशी शहरातली साधी मँडरिन बोलतात. वाक्ये आखूड आहेत, मधल्या शांतता लांब आहेत, आणि कोणी कोणाचे बोलणे तोडत नाही. यातला मुलगा आपली ओळख पुन्हापुन्हा अशी करून देतो: ‘वो च्याव चांग ष-हाव, थ्येन-श्ये-च्वो, ओ शिंग, यौ-युंग-त्वेइ, ची-था-ष.’ म्हणजे, मी चांग ष-हाव, रास वृश्चिक, रक्तगट ओ, पोहण्याच्या संघात, गिटारच्या मंडळात. या एका वाक्यात तुमचे सहा महिन्यांचे धडे बसलेले आहेत. गिटारचा ‘ची-था’ पाहा: ‘चार’मधला ‘च’, मग महाप्राण ‘थ’. राशीतला ‘च्वो’ म्हणजे ‘चाक’मधला ‘च’. आणि शाळकरी मुलगा ओळख करून देताना रास आणि रक्तगट का सांगतो, या प्रश्नाच्या उत्तरात संस्कृतीचा पहिला पाठ आहे: रक्तगटावरून स्वभाव ओळखण्याची आवड जपानमधून तैवानात आली आणि रुजली. तुमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघालाच तर तो कोणी वैद्यकीय चौकशी म्हणून काढलेला नसेल.

हा चित्रपट कसा ऐकायचा तेही सांगतो, कारण पद्धत नसेल तर हाही तेरावा होईल. पहिल्यांदा तो इंग्रजी उपशीर्षकांसह सरळ पाहून टाका; गोष्ट कळू द्या, कुतूहल शमू द्या. त्यानंतर दोन-तीन मिनिटांचा एकच तुकडा निवडा आणि आठवडाभर त्याच्याशीच राहा. पहिल्या दिवशी पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका आणि जे ऐकू येईल ते देवनागरीत उतरवा, चुकीचे असले तरी. मग चिनी उपशीर्षके लावून कोणती अक्षरे आली ते शोधा, अडलेले शब्द कोशात पाहा, आणि आपल्या लिखाणातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करा. त्या चुका फेकून देऊ नका. आपला कान नेमका कुठे फसतो ते त्याच सांगतात. पुढचे तीन-चार दिवस पात्राच्या पाठोपाठ, त्याच्या लयीत, त्याच्या सुरात म्हणा, आणि फोनवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐका. शनिवारी तो तुकडा बाईंना म्हणून दाखवा. उच्चार बिघडतात की सुधारतात, हे त्याच तुम्हाला सांगतील, आणि मला वाटते त्यांचे मतही मऊ होईल. रोज वीस मिनिटे पुरेत. जूनपर्यंत अशा रीतीने एका चित्रपटातली दहा-बारा दृश्ये तोंडपाठ झाली, तर बारा चित्रपट पाहिल्यापेक्षा ते कितीतरी अधिक आहे.

दुसरा चित्रपट घ्यायची वेळ येईल तेव्हा आंग ली यांचा ‘इट ड्रिंक मॅन वुमन’ घ्या. तो १९९४ चा आहे. तैपेईतल्या मोठ्या हॉटेलातला मुख्य आचारी असलेला बाप आपल्या तीन मुलींसाठी दर रविवारी पंगत वाढावी तसा स्वयंपाक रांधतो, आणि त्याच्या जिभेची चव मात्र गेलेली आहे. चित्रपटाची पहिली काही मिनिटे नुसता स्वयंपाकच चालतो. बाप मुख्य भूमीवरून आलेला, म्हणून घरातली भाषा मँडरिन; तुमच्या अभ्यासाला सोयीची. पण मला त्यात शिकण्यासारखे वाटते ते बोलण्यापेक्षा न बोलण्याचे. या घरात कोणी कोणाला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे म्हणत नाही, ताटात वाढतात. शेजारच्या लहान मुलीसाठी हा थोर आचारी रोज डबा करून शाळेत पोहोचवतो आणि तिच्या आईने दिलेला डबा मुकाट्याने स्वतः खातो. त्या डब्याला तैवानमध्ये ‘प्येन-तांग’ म्हणतात; हा शब्द जपानी ‘बेंतो’वरून आला, आणि तुमच्या मुलीच्या शाळेत तो तुम्हाला रोज लागेल.

एडवर्ड यांग यांचा २००० चा ‘यी यी’ तुम्ही पाहिलेल्या बारांपैकी असेल तर तो पुन्हा, पण अखेरीस घ्या. तो जवळपास तीन तासांचा आहे आणि त्यात तैवानी, जपानी, इंग्रजी सगळे आहे. तरी त्यातली एक जागा भाषा शिकणाऱ्यासाठीच ठेवल्यासारखी आहे. आजी बेशुद्ध पडते, आणि तिच्याशी रोज कोणीतरी बोलत राहा असे डॉक्टर घरच्यांना सांगतात. मग घरातले एकेक जण तिच्या उशाशी बसून, कोणी मधे बोलणारे नसताना, सावकाश बोलतात. मुलगी मिन-मिन रडू लागते, कारण तिच्या लक्षात येते की ती आईला रोज तेच ते सांगते आहे आणि तिचा सगळा दिवस मिनिटाभरात सांगून संपतो. आठ वर्षांचा नातू मात्र बोलायला तयार होत नाही. तो बोलतो ते अगदी शेवटी, आजीच्या अंत्यविधीत, वहीतून वाचून, आणि त्याचे शेवटचे वाक्य आहे: ‘वो च्युए-द, वो ये लाव ल.’ मला वाटते, मीही म्हातारा झालो आहे. तुमच्या बाईंनी तिसऱ्या सुराचा नियम सांगितला असेल, की दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर आधीचा दुसऱ्यासारखा चढतो. ‘वो’, ‘ये’, ‘लाव’ हे तिन्ही तिसऱ्या सुरातले शब्द आहेत. सलग म्हणताना आवाज वर, वर आणि मग खाली जातो. हा नियम मी पुस्तकात चार वेळा वाचला होता; तो माझ्या जिभेवर बसला ते हे वाक्य कित्येकदा म्हटल्यावर.

तुम्ही शिंचूला चालला आहात, तेव्हा लिन शू-यू यांच्या २००८ च्या ‘विंड्स ऑफ सप्टेंबर’चे नावही सांगून ठेवतो. शिंचूला ‘फंग-छंग’, वाऱ्याचे शहर, म्हणतात आणि त्या वाऱ्याचेच नाव चित्रपटाला आहे. १९९६ च्या सुमाराची, बेसबॉलचे वेड असलेली शाळकरी मुले त्यात आहेत. त्यांच्या तोंडच्या शिव्या कळल्या पाहिजेत, पण उचलू नयेत. छाय मिंग-ल्यांग यांचे चित्रपट थोर आहेत, ‘व्हिव्ह लामूर’ला १९९४ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, पण त्यांत माणसे इतकी कमी बोलतात की शब्दसंग्रहासाठी ते तूर्त बाजूला ठेवा. ‘केप नंबर सेव्हन’ आणि ‘द ग्रेट बुद्ध प्लस’ यांत तैवानी भरपूर आहे; ते तिथे गेल्यावर, एखाद्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून पाहा.

उपशीर्षकांत हरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नाती. इंग्रजी उपशीर्षकात सगळ्याच ‘आँट’ असतात. ऐकाल तर ‘कू-कू’ म्हणजे आत्या आणि ‘आ-यी’ म्हणजे मावशी. ‘च्यौ-च्यौ’ म्हणजे मामा. वडिलांचा धाकटा भाऊ ‘षू-षू’ आणि थोरला ‘पो-पो’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे पाठ करावे लागते. तुम्हाला फक्त शब्द बदलायचे आहेत, खण आधीच केलेले आहेत. दोन खण तेवढे आपल्याकडे नाहीत: वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावाला आपण काकाच म्हणतो, आणि आईची आई व वडिलांची आई या दोघींनाही आजी म्हणतो, तिथे त्यांची नावे वेगळी. आणि तैवानी बोलणाऱ्या घरात आजी ‘आ-मा’ होते. मुलगा बापाशी मँडरिन बोलता बोलता वळून ‘आ-मा’ अशी हाक मारतो, तेव्हा त्या घराचा सगळा इतिहास त्या दोन अक्षरांत येतो. हौ यांच्या ‘अ टाइम टू लिव्ह, अ टाइम टू डाय’मधली आजी हाक्का बोलते, गावी परतायचा रस्ता विचारत ती नातवाबरोबर निघते आणि वाटेतल्या दुकानातल्या बाईला तिचे बोलणे समजत नाही. तिचे गाव समुद्रापलीकडे आहे.

वागण्या-बोलण्यातले दोन शब्द मात्र प्रत्येक चित्रपटात शोधा. एक ‘पू-हाव-यी-स’: वाट मागताना, उशीर झाल्यावर, कोणी भेट दिल्यावर, वेटरला हाक मारताना, सगळीकडे. त्यात क्षमा आहे, संकोच आहे आणि ओशाळलेपणही आहे. दुसरा ‘शिन-खू ल’, तुम्हाला श्रम पडले. सहकाऱ्याला, पार्सल आणून देणाऱ्याला, दोघांनाही म्हणतात. हे शब्द म्हणताना पात्राची मान किती झुकते, आवाज किती खाली येतो, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

शब्दांचा फरक फार मनावर घेऊ नका. बाईंनी टॅक्सीला ‘छू-चू-छ’ शिकवले असेल, तिथे ‘ची-छंग-छ’ म्हणतात. मेट्रो तिथे ‘च्ये-युन’ आहे. कचऱ्याला मुख्य भूमीवर ‘ला-ची’ आणि तैवानमध्ये ‘ल-स’. ‘थू-तौ’ म्हणजे बीजिंगला बटाटे आणि तैवानात बहुधा शेंगदाणे. हे महिन्याभरात अंगवळणी पडते. लिपीचे मात्र आजच ठरवा. तैवानमध्ये पारंपरिक अक्षरे आहेत, आणि चित्रपटांच्या उपशीर्षकांतही तीच. ती आतापासून वाचायला शिका, हाताने लिहायची घाई नको. उच्चारासाठी तिथे रोमन लिपी नव्हे, तर ‘चू-यिन’ ही सदतीस चिन्हांची पद्धत वापरतात, जी १९१८ पासून आहे. तुमची मुलगी पहिलीत जाईल तेव्हा पहिले साधारण दहा आठवडे वर्गात तिला तीच शिकवतील. तिच्या शेजारी बसून तुम्हीही शिका. तुमच्या फोनवर चू-यिनचा कळफलक मिळेल.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येतो, जिने तुम्हाला रडवले. ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’मध्ये मँडरिन फारशी नाही असे मी म्हटले, ती जिथे आहे ते एक दृश्य तुमच्या नजरेतून सुटले आहे. डोंगरातल्या इस्पितळात डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसून नव्या राजवटीची भाषा शिकत आहेत. एक जण सांगतो आणि बाकीचे मोठ्याने पाठोपाठ म्हणतात, अगदी तुमच्या शनिवारच्या वर्गासारखे. ते जे वाक्य घोकत आहेत ते रुग्णाला विचारायचे आहे: कुठे दुखते? मँडरिनमध्ये ‘ना-ली थुंग’. ‘ना’ आणि ‘ली’ दोन्ही मुळात तिसऱ्या सुरातले, म्हणून ‘ना’ वर चढतो. ‘थुंग’ चौथ्या सुरात खाली कोसळतो, महाप्राण ‘थ’ने. त्या माणसांना मँडरिन तुमच्याइतकीच परकी होती आणि त्यांनाही ती नोकरीसाठी शिकावी लागत होती. ते दृश्य शोधून काढा, उपशीर्षके बंद करा आणि त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणा. तुमचा पहिला तुकडा ‘ब्लू गेट क्रॉसिंग’ऐवजी हाच असला तरी चालेल.